बसवून ठेवण्याची सेवा

“आईला आम्ही आता जागचे हलू देत नाही.” हे वाक्य आपल्या समाजात अभिमानाने उच्चारले जाते आणि ऐकणाराही समाधानाने मान डोलावतो. पाण्याचा पेला हातात, ताट पुढ्यात, औषध वेळेवर, अंथरूण तयार. उठावयाचे ते केवळ देहधर्मापुरते. ज्या घरात असे चालते त्या घरास आपण मातृपितृभक्त म्हणतो. या भक्तीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एखादे कृत्य प्रामाणिक असणे आणि ते हितकर असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याची सेवा करावयाची त्याची शक्तीच जर त्या सेवेने हिरावली जात असेल, तर तिला सेवा म्हणावे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

शहरात हा प्रश्न निराळ्या वेषात भेटतो. कोणती व्यायामशाळा, कोणता तज्ज्ञ, शुल्क किती, अशा चौकशीत त्याचे मूळ रूप हरवून जाते. ते पाहावयाचे तर तुकईथडसारख्या गावाकडे वळावे. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या परिसरात, महाराष्ट्राच्या सीमेपासून जवळच हे गाव आहे. नाव उच्चारताच तुकाईचे स्मरण व्हावे असे ते नाव. अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरील ते एक स्थानक. या टापूत मराठी, निमाडी आणि कोरकू या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. अशा गावातील माणसाचे आयुष्य शेतात, रानात आणि पायवाटेवर जाते. व्यायाम हा शब्द त्याला पैलवानापुरता ठाऊक असतो; स्वतःसाठी त्याची गरज त्याला कधी भासलेली नसते. मात्र सत्तरीपर्यंत राबलेला हा देह, मुलगा कर्ता झाला की, ओसरीवरच्या बाजेवर आणून बसविला जातो. पन्नास वर्षांची हालचाल एका हंगामात थांबते. ती बाज विश्रांतीची आहे की बंदिवासाची, एवढाच तेथे प्रश्न उरतो.

म्हातारपणी अंग थकते ही निसर्गाची रीत आहे, हे खरे. परंतु वय आणि दौर्बल्य यांची जोडी आपण समजतो तितकी अभेद्य नाही. अमेरिकेतील वैद्यक संशोधिका लिंडा फ्रीड व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये जराजन्य दौर्बल्याची पाच लक्षणे सांगितली: नकळत वजन उतरणे, सदैव थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकंदर हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे दिसली तर ते दौर्बल्य मानावे. एक-दोन दिसली तर ती पूर्वसूचना समजावी. ही यादी बारकाईने वाचली म्हणजे ध्यानात येते की पाचवे लक्षण जसे परिणाम आहे, तसे ते कारणही आहे. हालचाल घटली की स्नायू झिजतात, स्नायू झिजले की चाल मंदावते, चाल मंदावली की माणूस आणखी बसतो. या चक्राचा एक आरा आपण आपल्या हातांनी फिरवीत असतो आणि त्याला आराम असे नाव देतो.

याला बळकटी देणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत नव्वदीच्या घरातील दहा स्त्रीपुरुषांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. चार वर्षांनी त्याच संशोधकांनी शंभर अशक्त वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. काहींना व्यायाम दिला, काहींना केवळ पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यांपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पौष्टिक पेयाने दौर्बल्य हटले नाही. आपल्या घरांना याहून स्पष्ट सांगावा कोणता हवा? बाजेवर बसवून साजूक तूप, खीर आणि डिंकाचे लाडू यांनी म्हाताऱ्या देहात बळ भरता येईल, ही आपली समजूत. अन्न हवेच, वृद्धांना डाळ, दूध, दही अशा बळ देणाऱ्या अन्नाची गरज तरुणाहून कमी नसते. परंतु ज्या स्नायूला कामच नाही, त्याला ते अन्न लागू पडत नाही.

येथे धर्मशील वाचकाच्या मनात एक शंका उभी राहील आणि ती योग्यच आहे. आपल्याच आयुर्वेदाने वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे ना? होय. चरकसंहितेत व्यायाम कोणी करू नये हे सांगताना बालक आणि वृद्ध यांचा उल्लेख येतो. वाग्भटानेही अष्टांगहृदयात तसेच म्हटले आहे. परंतु वचन उचलताना त्याचा संदर्भ खाली टाकता कामा नये. त्या ग्रंथांतील व्यायाम म्हणजे अंग घामाने निथळेपर्यंत, श्वास फुलेपर्यंत केलेले श्रम. बलवानानेसुद्धा तो आपल्या शक्तीच्या अर्ध्याने करावा, अशी मर्यादा त्या शास्त्रात आहे. याउलट सुश्रुताने चंक्रमणाचा, म्हणजे देहाला फार पीडा न देणाऱ्या चालण्याचा, विचार वेगळा केला आहे. अशा चालण्याने आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी यांचा लाभ होतो व इंद्रिये जागी होतात, असे तो सांगतो. बलाच्या शेजारीच मेधा आली आहे, हे विशेष. तेव्हा शास्त्राचा आधार घेऊन वृद्धांना बसवून ठेवणे हे शास्त्राचे अर्धेच वाचन होय. निषेध अतिश्रमांचा आहे, हालचालीचा नव्हे.

मेधेचा उल्लेख आला म्हणून स्मृतीच्या प्रश्नाकडे वळू. कोंकणीत वृद्धाला ‘जाणटो’ म्हणतात. वयाबरोबर जाणतेपण येते, ही श्रद्धा त्या एका शब्दात साठविलेली आहे. अशा जाणत्या माणसाला नावे आठवेनाशी झाली, तेच तेच तो पुन्हा विचारू लागला, हिशेबात चुकू लागला, तर घर अस्वस्थ होते. हे सारे म्हणजे डिमेन्शिया नव्हे. ज्याला रोजचे व्यवहार स्वतः सांभाळता येतात पण ज्याची स्मृती किंवा विचारशक्ती वयाच्या मानाने उणी झाली आहे, त्याची अवस्था वैद्यक वेगळी मानते. अशांपैकी काहींचा आजार पुढे वाढतो, काही आहेत तसेच राहतात, काही सुधारतातही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीनुसार साठीपुढील लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. म्हणजे तुकईथडसारख्या गावातील म्हातारी बाई ही या प्रश्नाच्या कडेला नाही, मध्यभागी आहे.

व्यायामाने स्मृती परत येते काय? येथे आश्वासन देण्याचा मोह आवरला पाहिजे. सौम्य स्मृतिमांद्य असलेल्यांना आठवड्यातून दोन वेळा व्यायाम सुचवावा, अशी शिफारस अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये केली. फिनलंडमधील साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १२६० लोकांवरील प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबासारख्या दोषांवर लक्ष यांची दोन वर्षे सांगड घालण्यात आली. तिचा बुद्धीच्या कसोट्यांवर चांगला परिणाम २०१५ मध्ये नोंदला गेला. परंतु त्याच काळात अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १६३५ लोकांवर झालेल्या प्रयोगात चालण्याच्या व्यायामाने पायांची स्वाधीनता अधिक टिकली, बुद्धीत मात्र एकंदरीने फरक दिसला नाही. आणि डिमेन्शिया प्रत्यक्ष जडलेल्यांवर इंग्लंडात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शरीर सुधारले, पण बुद्धीचा ऱ्हास मंदावला नाही. तात्पर्य, व्यायाम वेळेवर सुरू केला तर बुद्धीला त्याचा आधार मिळण्याचा संभव आहे. तो रामबाण नव्हे.

मग फळाची इतकी अनिश्चिती असताना हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नातच आपल्या विषयाचे मर्म आहे. वृद्धाने चालावे ते केवळ आयुष्य वाढावे किंवा स्मृती परतावी म्हणून नव्हे. जमिनीवरून स्वतः उठता येणे, न्हाणीघरात कोणाची वाट न पाहता जाता येणे, देवाच्या दारी स्वतःच्या पायांनी उभे राहता येणे, या गोष्टींना स्वतःचे मोल आहे. वर सांगितलेल्या अमेरिकन प्रयोगात पाव मैल चालण्याची शक्ती गमावणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्या गटात ३०.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ३५.५ टक्के होते. आकड्यांतील हे अंतर लहान वाटेल. परंतु त्या अंतरात जी माणसे आहेत त्यांना विचारावे, की परक्या हातावाचून उंबरठा ओलांडण्याची किंमत काय असते.

या विचाराविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला पडण्याच्या भीतीचा. “एकदा पडली तर खुब्याचे हाड मोडेल; मग कोण पाहणार?” ही भीती खोटी नाही. परंतु बसून राहिल्याने पडणे टळत नाही. ते पुढे ढकलले जाते आणि अधिक घातक होते, कारण रात्री एकदा तरी उठावे लागतेच आणि तेव्हा पायांत बळ नसते. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे व्यायामाने सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. भीतीला उत्तर बाज नव्हे. भिंतीचा आधार, सोबतीचा हात आणि रोजचा सराव हे आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. “म्हाताऱ्यांनी हलते राहावे” हे वाक्य सेवा टाळू पाहणाऱ्याच्याही सोयीचे असते. कितीतरी घरांत वृद्ध मातेच्या वाट्याला दळण, भांडी, नातवंडे आणि गोठा अखेरपर्यंत राहतात. कितीतरी शेतमजूर स्त्रीपुरुषांना थकण्याची मुभाच नसते. त्यांना व्यायामाचे माहात्म्य सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. म्हणून भेद स्पष्ट केला पाहिजे. जे श्रम दुसऱ्याच्या गरजेने लादले जातात, ज्यांत एकच अवयव झिजतो, ज्यांना विसावा नाही आणि ज्यांच्यामागे पुरेसे अन्न नाही, ते कष्ट. जी हालचाल त्या माणसाच्या हितासाठी, त्याच्या शक्तीच्या मापाने, हळूहळू वाढवीत आणि विसावा देत केली जाते, तो व्यायाम. कष्टाने पिचलेल्या वृद्धाचा भार उतरविणे आणि बसून गेलेल्या वृद्धाला उभे करणे ही एकाच धर्माची दोन अंगे आहेत. पहिले न करता दुसऱ्याचा उपदेश करणाऱ्याला तो अधिकार नाही.

तिसरा आक्षेप वृद्धांच्याच मुखातून येतो: “पुरे झाले आता, मला बसू द्या.” या इच्छेचा मान राखावयाचा की ती मोडून काढावयाची? सक्तीला येथे स्थान नाही. ज्याने आयुष्यभर निर्णय घेतले, त्याला केवळ विसर पडतो म्हणून मुलासारखे दटावणे हा अपमान आहे. परंतु ती इच्छा नेहमी मूळची असते काय, हेही पाहावे. पुष्कळदा घराने “तुम्हाला जमणार नाही” असे इतक्या वेळा म्हटलेले असते की तोच त्या माणसाचा स्वतःविषयीचा निर्णय होऊन बसतो. अशा वेळी आज्ञेपेक्षा सोबत अधिक काम करते. “तुम्ही चाला” आणि “चला, आपण जाऊन येऊ” या दोन वाक्यांतले अंतर मोठे आहे. आईवडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा अंतर्भाव आहे. कायदा एवढेच मागू शकतो. संध्याकाळची अर्धी घटका त्यांच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून चालणे कोणत्याही न्यायाधिकरणाला सक्तीने देवविता येणार नाही. ते धर्माच्या कक्षेत येते, आणि पैशापेक्षा ते देणे अनेकांना जड जाते.

आपल्या व्यायामपरंपरेचीही येथे थोडी झडती घेतली पाहिजे. तुकईथडकडून मेळघाट ओलांडला की अमरावती. तेथे १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि उतारवयातही आपला नेम राखला. सावंतवाडी संस्थानातील कोलगावी जन्मलेले वेदमूर्ती श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७-१९६८) आसने व सूर्यनमस्कार यांचा पुरस्कार करीत शंभरी ओलांडून गेले. ही उदाहरणे स्फूर्तिदायक आहेत. परंतु त्यांवरून व्यायाम करणारा प्रत्येकजण शतायुषी होतो असे अनुमान काढणे चूक होईल. तसेच वारीचे. बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. त्या दीर्घ वाटेवर पांढऱ्या केसांच्या स्त्रिया तरुणांच्या बरोबरीने चालतात. त्यांना पाहून आपण धन्य होतो. पण ज्यांना चालवत नाही त्या घरीच राहिल्या, हे विसरतो. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम उभी राहिली ती तरुणांसाठी. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी आपण काय उभारले?

फार काही उभारावयाची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील माणसांसाठी जे सुचविले ते असे: आठवड्यातून एकंदर दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम गतीची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, ज्याला इतके जमत नाही त्याने जमेल तितके करावे. हे सारे घरात बसते. पाठ टेकावयाच्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता पाच-दहा वेळा उठणे. भिंतीला धरून टाचा उचलणे. पाण्याने भरलेला तांब्या सावकाश वरखाली करणे. अंगणात सोबतीने फेऱ्या घालणे. आठ दिवसांनी एखादी फेरी वाढवावी. ज्याला छातीत दुखते, चक्कर येते किंवा नुकतेच हाड मोडले आहे, त्याने आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. स्मृती मंदावलेल्या माणसाला नवे प्रकार शिकविण्यापेक्षा जुन्या सवयीला हालचाल जोडून द्यावी: सकाळी तुळशीला पाणी, सायंकाळी देवळात प्रदक्षिणा. पावले टाकीत मुखाने नाम आणि मनाने फेऱ्यांची गणती चालली, तर पाय आणि चित्त दोघांनाही एकदम काम मिळते. गणती चुकली तर चुकू द्यावी. देव हिशेब मागत नाही.

आणि येथे आपल्या मंदिरसंस्थांनाही कर्तव्य आहे. जीर्णोद्धारात आपण गुळगुळीत संगमरवर घालतो, त्यावर अभिषेकाचे पाणी सांडते आणि म्हातारी पावले दारातूनच परततात. कळसाला लागणाऱ्या द्रव्यातील अल्पांशात पायऱ्यांना कठडा बसेल, प्रदक्षिणामार्गावर खरबरीत फरशी पडेल, फेरीच्या मध्यावर विसाव्याचा एक बाक येईल. आठवड्यातून दोन सायंकाळी सभामंडपात भजनापूर्वी अर्धा तास वृद्ध स्त्रीपुरुष एकत्र उठबस करतील, हातपाय हलवतील, अशी व्यवस्था करावयास देणगीचीही आवश्यकता नाही. दोन तरुण स्वयंसेवक पुरेत. फुलांचे हार, वाती, रांगोळी, सडा ही देवळातील हलकी कामे त्यांच्याकडे सोपवावीत, आणि ती संथपणे झाली तरी हातातून काढून घेऊ नयेत.

सेवा या शब्दाचा आपण लावलेला अर्थ एवढ्यापुरता दुरुस्त केला पाहिजे. दुसऱ्याचे काम आपण करणे ही सेवेची प्राथमिक पायरी होय. त्याला स्वतःचे काम स्वतः करता यावे म्हणून त्याच्याजवळ उभे राहणे ही वरची पायरी. पहिली लवकर आटोपते आणि तीत करणाऱ्याचे समाधान होते. दुसरीला वेळ लागतो, धीर लागतो, आणि पुष्कळदा आपले हात मागे बांधून थांबावे लागते. म्हातारी आई उंबऱ्याशी थबकली असता तिला चटकन उचलून पलीकडे नेणे सोपे आहे. ती स्वतः पाऊल उचलीपर्यंत, हात पुढे ठेवून, न बोलता वाट पाहणे कठीण आहे. परंतु तिचे पाऊल तिचेच राहील ते या दुसऱ्या मार्गाने.